किल्ल्याचे पोट

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

किल्ला पाहायला गेलेला माणूस आधी मान वर करून पाहतो. बुरूज किती उंच, तट किती रुंद, तोफेचा गोळा किती लांब जात असे, या गोष्टींची तो चौकशी करतो. ते साहजिकच आहे. पण किल्ला लढवला कसा जाई, हे नीट समजून घ्यायचे असेल तर आणखी एक चौकशी करावी लागते. या किल्ल्यात माणसे किती राहत, ती काय खात आणि ते धान्य आत कसे येई? ही चौकशी मनात ठेवून आज आपण देवगिरीच्या, म्हणजेच दौलताबादच्या किल्ल्यात जाणार आहोत. मध्ययुगातला किल्ला शत्रूला कसा थोपवत असे, हे एकाच जागी पाहायचे तर महाराष्ट्रात याहून चांगली शाळा मला तरी ठाऊक नाही.

छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, वेरूळच्या रस्त्याला लागले की साधारण पंधरा किलोमीटरवर हा डोंगर येतो. सपाटीवर एकटाच उभा असलेला, सुमारे सहाशे फूट उंचीचा, वर निमुळता होत गेलेला. त्याचा खालचा भाग मात्र डोंगरासारखा दिसत नाही. तो चारी बाजूंनी छिन्नीने तासून सरळ भिंतीसारखा उभा केला आहे. लांबून पाहिले तर कोणीतरी दगडी ओटा बांधून त्यावर टेकडी आणून ठेवली असावी असे वाटते.

यादव राजा पाचवा भिल्लम याने 1187च्या सुमारास येथे आपली राजधानी वसवली. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती 1290 मध्ये, याच घराण्यातल्या रामदेवरायाच्या राजवटीत. पुढे दिल्लीचे खलजी आले, मग तुघलक आले. महंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानीच येथे हलवली आणि गावाला दौलताबाद हे नाव दिले. त्यानंतर बहामनी, अहमदनगरची निजामशाही, मोगल, हैदराबादचा निजाम अशा सत्ता येथे नांदल्या. 1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतरच्या तहात हा किल्ला काही काळ मराठ्यांकडेही आला. सांगायचा मुद्दा असा की, आज जो किल्ला आपण पाहतो तो एका राजाने एका वेळी बांधलेला नाही. प्रत्येक धन्याने आधीच्या धन्याचे कुठे चुकले ते पाहिले आणि तेवढी भर घातली. त्यामुळे रामदेवरायाच्या वेळी किल्ला असाच होता, असे समजून चालू नये.

आता आत जाऊ. देवगिरीला एकात एक असे तीन कोट आहेत. सर्वांत बाहेरचा अंबरकोट. तो मलिक अंबरच्या नावाने ओळखला जातो आणि जुने गाव त्याच्या पोटात आहे. त्याच्या आतला महाकोट. आज तिकीट काढून आपण शिरतो तो महाकोटात. त्याच्या आत, डोंगराच्या पायथ्याशी, काळाकोट. आणि काळाकोटाच्या मागे खंदक ओलांडून खुद्द डोंगर, म्हणजे बालेकिल्ला. शत्रूने एक भिंत पाडली तरी त्याला हाती काय लागते, तर पुढची भिंत. तोपर्यंत आतली शिबंदी मागे हटून नव्या तटावर उभी राहिलेली असते.

महाकोटाच्या दरवाजापाशी थोडे थांबायला हवे. बहुतेक मंडळी येथे छायाचित्र काढून पुढे जातात. या दरवाजात सरळ शिरता येत नाही. वाट वळते, एका चौकात येते, पुन्हा वळते, मग दुसरा दरवाजा लागतो. यामागचा हिशेब साधा आहे. त्या काळी दरवाजा फोडायचा तो हत्तीच्या धडकेने. हत्तीला धडक द्यायची तर लांबून धावत यावे लागते. वळणाच्या वाटेवर त्याला तेवढी जागाच मिळत नाही. शिवाय दाराच्या फळ्यांवर, हत्तीचे मस्तक जेथे टेकेल त्या उंचीला, लोखंडी अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. एवढे करूनही पहिला दरवाजा पडला तर शत्रू ज्या चौकात येतो, त्याच्या सभोवती उंच भिंती आहेत आणि त्या भिंतींवर शिबंदी आहे. आत आलेल्याला वाटते की आपण किल्ला घेतला. खरे तर तो विहिरीत उतरलेला असतो आणि काठावर दुसरेच उभे असतात.

दरवाजाच्या आत दोन्ही अंगांना देवड्या आहेत. पहारेकरी येथे आळीपाळीने विसावत. तटावर चढून गेलात तर फांजी दिसेल, म्हणजे तटाच्या माथ्यावरची चालायची वाट. तिच्या बाहेरच्या कडेला चर्या आहेत आणि भिंतीत जंग्या आहेत. जंगी म्हणजे बंदुकीची नळी बाहेर काढण्याचे भोक. जंगीला डोळा लावून पाहा. आतल्याला खालचा बराच मुलूख दिसतो, पण बाहेरच्याला आतला माणूस दिसत नाही. बुरूज तटाच्या पुढे का काढतात तेही येथेच कळते. सरळ भिंतीच्या अगदी तळाशी कोणी येऊन चिकटला, तर वरच्याला वाकून पाहिल्याशिवाय तो दिसत नाही. पुढे आलेल्या बुरुजावरून मात्र भिंतीची सारी बाजू नजरेखाली येते. दोन बुरुजांच्या मधली जागा दोघांच्याही माऱ्यात असते.

महाकोटात पुढे गेले की उजव्या हाताला चाँद मिनार दिसतो. तो बहामनी काळातला, पंधराव्या शतकातला. डाव्या हाताला हत्ती हौद आहे. सहलीतली मुले या हौदात डोकावून ओरडतात आणि प्रतिध्वनी ऐकतात. आपण मात्र हा हौद कोणत्या कोटात आहे ते लक्षात ठेवू. तो महाकोटात आहे. किल्ल्यातला पाण्याचा हा मोठा साठा डोंगराच्या खाली, मधल्या कोटात आहे. याचा संबंध पुढे येणार आहे.

काळाकोटात चिनी महाल आहे. त्याच्या भिंतीवर रंगीत चकचकीत फरशांचे अवशेष अजून दिसतात. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने 1687 मध्ये राज्य जिंकल्यानंतर येथे कैदेत ठेवले. तो येथून जिवंत सुटला नाही. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी बांधलेल्या भिंती माणसाला आत ठेवण्यासाठीही तितक्याच उपयोगी पडतात. जवळच एका गोल बुरुजावर मेंढा तोफ आहे. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याच्या तोंडाचा आकार दिला आहे, म्हणून हे नाव. तोफेचे खरे नाव 'किला शिकन', म्हणजे किल्ला फोडणारी. किल्ला फोडणारी तोफ किल्ल्याच्या राखणीला बसवलेली आहे. ती मधल्या खुंट्यावर फिरवता येई, त्यामुळे एकच तोफ निरनिराळ्या दिशांना मारा करू शकत असे.

येथून पुढे खंदक लागतो आणि येथे मात्र पाहणाऱ्याचे बोलणे थांबते. हा खंदक मातीत खणलेला नाही. तो अखंड काळ्या खडकात खोदलेला आहे. शाहजहानच्या दरबारातला इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने त्याची मापे नोंदवली आहेत. रुंदी 40 हात, खोली 30 हात. पलीकडे तासलेला कडा, त्याची उंची त्याने 140 हात दिली आहे. शिडी लावायची तर ती टेकवायला जमीन नाही, कारण खाली पाणी. सुरुंग लावायचा तर भिंत नाही, अखंड डोंगर आहे. वेढा घालणाऱ्याची नेहमीची सारी हत्यारे येथे निकामी ठरतात, असे लाहोरीही म्हणतो, आणि तो तर जिंकणाऱ्या बाजूचा लेखक होता.

या खंदकावर आज लोखंडी पूल आहे. त्याच्याखाली जुना दगडी पूल पाहा. त्याचा मधला भाग खोल आहे, अलीकडून पायऱ्या उतरायच्या आणि पलीकडे पायऱ्या चढायच्या. पाहणाऱ्याला वाटते, गवंड्याने पूल असा वाकडा का बांधला? तर खंदकातले पाणी वाढवले की पुलाचा मधला भाग बुडून जाई. पूल उचलायला नको, तोडायला नको. पाणी सोडले की पूल नाहीसा, पाणी उतरवले की पूल पुन्हा जागेवर. खंदकात मगरी सोडलेल्या असत असे वाटाडे सांगतात. ते त्यांनी सांगावे आणि आपण ऐकावे. पुलाची युक्ती मात्र डोळ्यांनी पाहता येते.

पूल ओलांडला की अंधारी. देवगिरीचे नाव काढले की मराठवाड्यातल्या माणसाला आधी आठवते ती हीच. डोंगराच्या पोटातून वर जाणारा हा वळणावळणाचा बोगदा आहे. बालेकिल्ल्यावर जायचे तर यातूनच जावे लागे. मी गेलो त्या दिवशी माझ्यापुढे जिल्हा परिषदेच्या एका शाळेची सहल होती. वाटाड्याने तोंडाशीच सगळ्यांना थांबवले आणि म्हणाला, "पोरांनो, हात भिंतीला ठेवा. पायरी सारखी नाही, घाई केली की पडला." खरोखरच त्या पायऱ्या एका मापाच्या नाहीत. एक वीतभर, दुसरी गुडघ्याएवढी. उजेडातून एकदम काळोखात आलेला माणूस चाचपडत चढतो. वर वटवाघळांची फडफड आणि त्यांचा उग्र वास. अंधारीत एके ठिकाणी वाट फुटते आणि चुकीच्या वाटेने गेलेला सरळ खंदकाच्या अंगाला बाहेर पडून कोसळतो, असे वाटाडे सांगतात.

या अंधारीच्या वरच्या तोंडावर लोखंडी जाळी असे. वेळ आली की ती बंद करायची आणि तिच्यावर आग पेटवायची. अंधारीची वाट आगीने अडवण्याची युक्ती लाहोरीनेही लिहून ठेवली आहे. आगीची धग खाली उतरली की त्या अरुंद पोकळीतून वर येणे कोणालाही शक्य नव्हते. म्हणजे हजारोंचे सैन्य आले तरी शेवटी त्याला एकामागोमाग एक अशा रांगेत, काळोखात, अनोळखी पायऱ्यांवरून चढावे लागे, आणि वर मूठभर माणसे सरपण घेऊन बसली तरी पुरे होत.

तुघलकाच्या काळात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी येथे येऊन गेला. ते वर्ष 1340च्या दशकातले. त्याने लिहिले आहे की वरच्या किल्ल्यावर जायला चामड्याची शिडी होती आणि रात्र झाली की ती वर ओढून घेत. तेथल्या तळघरातल्या कैद्यांची आणि मोठमोठ्या उंदरांचीही हकीकत त्याने सांगितली आहे.

अंधारीतून बाहेर आले की मोकळा वारा लागतो. पुढे पायऱ्या, मग शाहजहानच्या काळातली बारादरी, आणखी वर तोफा आणि निशाणाची जागा. बारादरीच्या सावलीत ती मुले डबे सोडून बसली होती. त्यांच्यातल्या एकाने वाटाड्याला विचारले, "काका, एवढा भक्कम किल्ला होता, तर मग तो पडला कसा?" वाटाड्या म्हणाला, "फितुरी. दुसरे काय?"

उत्तर सोपे आहे आणि पुष्कळ किल्ल्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. देवगिरीच्या बाबतीत मात्र जुन्या बखरी आणि तवारिखा वाचल्या की दुसरीच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते. तीन प्रसंग सांगतो. त्यांच्यात साडेतीनशे वर्षांचे अंतर आहे.

पहिला प्रसंग 1296चा. अलाउद्दीन खलजी तेव्हा सुलतान झालेला नव्हता. तो प्रयागजवळच्या कडा येथे सुभेदार होता. काही हजार घोडेस्वार घेऊन, विंध्य ओलांडून, तो अचानक देवगिरीवर आला. यादवांचे मोठे सैन्य युवराजाबरोबर दूर गेलेले होते. रामदेवरायाने जमतील तेवढी माणसे घेऊन सामना दिला आणि मग तो किल्ल्यात गेला. घाईघाईत आत धान्य घ्यायचे होते. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो की कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती तेथे पडली होती, ती धान्याची समजून आत नेली गेली. युवराज सैन्य घेऊन परतला, बाहेर लढाई झाली, त्यात त्याची हार झाली. तरीही किल्ला उभाच होता. पण आत पोती उघडली तेव्हा त्यात मीठ निघाले. राजाला तह करावा लागला आणि अलोट संपत्ती द्यावी लागली. फिरिश्ताने हे घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहिले, म्हणून मिठाच्या गोष्टीतला प्रत्येक तपशील जसाच्या तसा घेऊ नये. पण किल्ला भिंत फुटून पडला, असे तोही म्हणत नाही.

दुसरा प्रसंग पंधराव्या शतकाच्या अखेरचा. निजामशाहीचा संस्थापक अहमद निजामशाह याला दौलताबाद हवा होता. वेढा घालून पाहिला, किल्ला हाती येईना. मग त्याने जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मध्ये अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, वसवले आणि तेथून दरवर्षी सुगीच्या वेळी फौज पाठवून दौलताबादच्या आसपासची पिके उद्ध्वस्त करायला सुरुवात केली. फिरिश्तानेच हे नोंदवले आहे. तटाला हातही लावायचा नाही, फक्त शेत कापायचे. काही वर्षे असे चालले. शेवटी किल्लेदार मलिक अशरफ मरण पावला आणि 1499 मध्ये आतल्या लोकांनी किल्ल्याच्या किल्ल्या निजामशाहाच्या हवाली केल्या. या प्रकारात सर्वांत जास्त भरडला गेला तो तटाबाहेरचा शेतकरी. त्याचे ना खंदकाने रक्षण केले, ना अंधारीने.

तिसरा प्रसंग 1633चा. मलिक अंबर 1626 मध्ये वारला होता. त्याचा मुलगा फतहखान किल्ल्यात होता आणि एका लहान मुलाला निजामशाह म्हणून त्याने गादीवर बसवले होते. फतहखान आधी मोगलांशी बोलणी करत होता, मग विजापूरकरांनी पैसा आणि रसद देऊ केली तेव्हा तो त्यांच्याकडे वळला. मोगल सेनापती महाबतखानाने वेढा घातला. त्याने सुरुंग लावून अंबरकोट फोडला. मग महाकोटही सुरुंगानेच फोडला. हे दोन्ही कोट सपाटीवरचे, बांधलेल्या भिंतींचे होते, म्हणून तेथे सुरुंग चालला. फतहखान मागे हटून काळाकोटात गेला. आता हत्ती हौद कोणत्या कोटात आहे ते आठवा. कोट गेला की भिंत जाते, आणि भिंतीबरोबर तिच्या आतले पाणी, घरे, कोठारेही जातात.

तरी बालेकिल्ला शिल्लक होता. खंदक होता, तासलेला कडा होता, अंधारी होती. शिल्लक नव्हते ते धान्य. 1630 ते 1632 या वर्षांत दख्खनमध्ये आणि गुजरातमध्ये भयंकर दुष्काळ पडून गेला होता. गावेच्या गावे ओस पडली होती. अशा मुलखातून किल्ल्यात साठवायला धान्य आणायचे कुठून? विजापूरकरांची फौज बाहेर होती, तिच्यात शहाजीराजेही होते. किल्ल्यात रसद पोचवण्याचे त्यांचे प्रयत्न मोगलांनी हाणून पाडले. उलट मोगलांची बऱ्हाणपूरहून येणारी रसद मारण्याचा विजापूरकरांनी प्रयत्न केला. सारी लढाई धान्याच्या बैलांभोवती फिरू लागली. जून 1633 मध्ये फतहखानाने किल्ला दिला. त्या लहानग्या निजामशाहाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. ज्या अंधारीचे आपण एवढे कौतुक करतो, तिच्या तोंडावर आग पेटवण्याची वेळच आली नाही.

याच्या उलट बाजूचाही एक दाखला आहे. 1345-46च्या सुमारास दख्खनच्या अमीरांनी महंमद तुघलकाविरुद्ध बंड केले आणि ते दौलताबादच्या बालेकिल्ल्यात शिरून बसले. ज्या जागेला त्याने राजधानीचा मान दिला, तिलाच वेढा घालण्याची पाळी त्याच्यावर आली. स्वतः बादशहा येऊन बसला तरी बालेकिल्ला हाती आला नाही. तेवढ्यात गुजरातेत दुसरे बंड उठले आणि तो तिकडे गेला. पाठोपाठ 1347 मध्ये येथेच बहामनी राज्याची स्थापना झाली. आतल्यांचा दम शत्रूच्या सवडीपेक्षा जास्त टिकला, म्हणून ते जिंकले. खंदक, कडा, अंधारी ही सगळी वेळ मिळवण्याची साधने आहेत. मिळालेला वेळ काढायला मात्र कोठारात धान्य असावे लागते.

किती धान्य? साधा हिशेब करून पाहू. एका माणसाला दिवसाला अर्धा किलो धान्य धरले, तर हजार माणसांना रोज पाच क्विंटल, म्हणजे शंभर किलोची पाच पोती लागतील. वर्षाला 1,825 पोती. पाच हजार माणसे असतील तर नऊ हजारांवर पोती. यात डाळ, तेल आणि घोड्यांची चंदी धरलेली नाही. शिवाय वेढा पडला की बाहेरच्या पेठेतली बायकामुले आत येतात. त्यांना आत घ्यावे तर कोठार लवकर रिकामे होते, न घ्यावे तर ती शत्रूच्या हाती सापडतात. किल्लेदाराला असे निर्णय घ्यावे लागत. आणखी एक अडचण अशी की, तट जितका बाहेर सरकवावा तितका तो लांब होतो आणि त्यावर उभी करायला तितकी जास्त माणसे लागतात. जास्त माणसे म्हणजे जास्त पोती. प्रत्येक धन्याने नवा कोट घालून किल्ला मजबूत केला, तेव्हा किल्ल्याचे पोटही मोठे केले.

हे जुन्या माणसांना कळत नव्हते असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाण्याची सोय पाहावी असे बजावले आहे. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत. हवालदाराकडे किल्ल्या आणि पहारे, सबनीसाकडे हजेरी आणि हिशेब, तर कारखानीसाकडे धान्य आणि सामानसुमान. कोठार सांभाळणारा माणूस गडाच्या तीन मुख्य माणसांपैकी एक होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

बारादरीच्या वरच्या अंगाला एक गुंफा आहे. ती जनार्दनस्वामींची म्हणून दाखवतात. जनार्दनस्वामी सोळाव्या शतकात या किल्ल्याचे अधिकारी होते आणि पैठणचे एकनाथ त्यांचे शिष्य. नाथांनी गुरूच्या घरी राहून किल्ल्याचे हिशेब लिहिले, अशी परंपरा आहे. एकदा हिशेबात एका पैची चूक लागेना, तेव्हा नाथ रात्रभर वह्या चाळत बसले आणि पहाटे चूक सापडल्यावर त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. एवढे ध्यान देवाकडे लावलेस तर काय होणार नाही, असे गुरू म्हणाले. कीर्तनकार ही गोष्ट भक्तीसाठी सांगतात आणि ते योग्यच आहे. पण देवगिरीच्या माथ्यावर, त्या गुंफेपाशी उभे राहिले की तिच्यातला किल्ल्याचा हिशेबही नजरेआड करता येत नाही. ज्या डोंगरावर मिठाची पोती धान्य म्हणून आत आल्याची कथा आहे, त्याच डोंगरावर एका पैसाठी रात्र जागवल्याचीही कथा आहे. दप्तरात धान्य आहे असे लिहिलेले असणे आणि कोठारात ते खरोखर असणे, यांत किल्ल्याच्या जगण्यामरण्याचे अंतर होते.

देवगिरीला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. माथ्यापर्यंत सुमारे साडेसातशे पायऱ्या आहेत, पाणी आणि टॉर्च जवळ ठेवा, लहान मुलांचा हात अंधारीत सोडू नका. तोफा पाहा, मिनार पाहा, जुन्या पुलाची युक्ती तर जरूर पाहा. आणि देवगिरीच काय, तुमच्या गावाजवळच्या कोणत्याही गडावर गेलात तर तट-बुरुजांबरोबर पाण्याची टाकी आणि अंबारखानाही शोधून काढा. बहुधा तेथे छप्पर नसेल, गवत वाढलेले असेल आणि नावाची पाटीही नसेल. त्या जागेची लांबीरुंदी पावलांनी मोजा, त्यात किती पोती मावतील याचा अंदाज करा आणि गडावर किती माणसे असावीत ते कोणाला तरी विचारा. वेढा पडला असता तर हा गड किती महिने तग धरून राहिला असता, ते तुमचे तुम्हालाच काढता येईल.